खॅक टीचर

आमच्या शाळेची 'शिक्षक हवेत' ही जाहिरात निघते तेव्हा तिच्यात शिक्षणाच्या आधी पासपोर्ट येतो. ज्यांची मातृभाषा इंग्लिश आहे असे ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन पहिल्या ओळीत. त्यांच्याखाली फिलिपिनो. त्यांच्याखाली 'इतर'. पगारही त्याच क्रमाने खाली उतरतो. पहिल्या ओळीतल्या माणसाला फिलिपिनो बाईंच्या जवळजवळ दुप्पट मिळतात, मग बाई बी.एड. असोत आणि तो गृहस्थ इथे येण्याआधी ट्रक चालवत असो. शाळा बँकॉकच्या पूर्वेकडच्या उपनगरातली, खाजगी. मी तिथे मोठ्या मुलांना इंग्रजीतून गणित शिकवते आणि 'इतर'मध्ये मोडते.

यातलं काही कुणी लपवत नाही. कार्यालयातल्या बाईंना मी एकदा विचारलं तेव्हा त्या गोड हसून म्हणाल्या, "पालकांना फरांग दिसला पाहिजे ना, टीचर!" फरांग म्हणजे गोरा, आपला फिरंगी. त्या हसण्यात ओशाळलेपण नव्हतं की तुच्छताही नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसा त्यांनी मला माझा भाव सांगितला. थायलंडमध्ये परदेशी माणसाचं बूड खुर्चीला टेकण्याआधीच त्याची जागा ठरलेली असते, आणि ती त्याला तोंडावर सांगितली जाते. आपल्याकडे ती पाठीमागे सांगतात. मला तरी तोंडावरचं सोसायला सोपं गेलं.

पण पहिल्या ओळीतल्यांचंही फार चांगलं चाललंय असं नाही. आमच्या ब्रिटिश सहकाऱ्याची बायको ईसानची, म्हणजे ईशान्येकडच्या गरीब भागातली. तो घरात थाई बोलतो, दोन मुलं इथेच जन्मली. शाळेच्या माहितीपत्रकावर दरवर्षी त्याचाच फोटो असतो, प्रवेशाच्या दिवशी त्याला टाय बांधून दारात उभं करतात, पण वेळापत्रक बदललं की ते त्याला सगळ्यात शेवटी कळतं. दुकानदार अजूनही विचारतात, "परत कधी जाणार?" फरांगचा मान त्याच्या गोऱ्या रंगाला आणि खिशाला असतो. खिसा रिकामा दिसला की त्याच माणसाला 'फरांग खी नोक' म्हणतात, म्हणजे पक्ष्याची विष्ठा. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री अनुतिन चार्नविराकुन बँकॉकच्या एका रेल्वे स्थानकावर मास्क वाटत होते. काही गोऱ्यांनी घेतले नाहीत, तर मंत्रिमहोदय कॅमेऱ्यासमोरच म्हणाले की असल्या फरांगना देशाबाहेर हाकलायला हवं. नंतर माफी मागितली. आमच्या शिक्षकखोलीत मात्र तो व्हिडिओ अगदी चवीने पाहिला गेला.

मी खॅक. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. या एका शब्दात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, अरब आणि थायलंडच्याच दक्षिणेतले मलय मुसलमान असे सगळे येतात. त्या दक्षिणेतल्या लोकांना तो मुळीच आवडत नाही, कारण ते आपल्याच घरात पाहुणे ठरतात. मला फारसा लागला नाही. थाई माणसाच्या डोक्यातला जुना खॅक म्हणजे बँकॉकच्या पाहुरत भागातल्या गल्ल्यांमधला शीख कापडव्यापारी, रात्रीचा पहारेकरी, आणि दारोदार मच्छरदाण्या हप्त्याने विकून दर महिन्याला वसुलीला येणारा माणूस. हप्ता थकला की पैसे सोडत नाही, भाव करताना ऐकत नाही, ही ख्याती तिथूनची. साप आणि खॅक एकदम समोर आले तर आधी खॅकला मारावं, अशी इथे म्हण आहे. समाजशास्त्राच्या बाईंनी मला ती जपून, चाचरत सांगितली. मी हसले. तीच म्हण मी लहानपणी आजोळी ऐकली होती. तिथे सापाशेजारी एक जात होती, एवढाच फरक.

मुलं जास्त मोकळी. पहिल्याच आठवड्यात एकीने हात वर करून विचारलं, "टीचर, तुमचं नाक खरं आहे?" इथे नाकाचा बांधा उंच करून घेण्याची शस्त्रक्रिया सर्रास होते, त्यामुळे प्रश्न अगदी व्यावहारिक होता. खॅक माणसाचे टपोरे डोळे, सरळ नाक, दाट पापण्या यांचं इथे मनापासून कौतुक होतं. त्याच वाक्याच्या शेपटीला रंग येतो, "सुंदर आहेत, पण काळ्या." २०१६ साली गोरं होण्याच्या गोळ्यांची एक जाहिरात इथे आली होती, गोरं असलं की जिंकलात अशा आशयाची. ओरड झाल्यावर कंपनीने ती मागे घेतली. 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' वाचत वाढलेल्या मला त्यात धक्का बसण्यासारखं काय होतं? खरा मार बसतो तो आमच्या कॅमेरूनच्या भौतिकशास्त्राच्या सरांना. शाळेत त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. पालकसभेत मात्र त्यांच्या टेबलासमोर रांग लागत नाही, आणि एका आईने तर कार्यालयात जाऊन 'दुसरे कुणी नाहीत का' असं विचारलं होतं. सरांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे पावणेआठला वर्गात होते.

मग माझी पत वाढली ती गणपतीमुळे. उपमुख्याध्यापिकांच्या फोनच्या पडद्यावर सोनेरी गणपती होता आणि त्याखाली देवनागरीत 'ॐ गं गणपतये नमः'. मी सहज मोठ्याने वाचलं. बाई थबकल्या. इतकी वर्षं त्या ते चित्र म्हणून बाळगत होत्या, आणि हे वाचणारं माणूस रोज त्यांच्यासमोर घातांक शिकवत होतं! दुपारपर्यंत निम्मी शिक्षकखोली फोन घेऊन माझ्या टेबलाशी आली. माझी एम.एस्सी. कुणाच्या खिजगणतीत नव्हती, पण आता उच्चार विचारायला लोक वाट पाहत थांबू लागले.

गणपती इथे फ्रा फिकनेत. ललित कला विभागाच्या बोधचिन्हावर तोच आहे. नट, गायक, चित्रकार, परीक्षेला बसणारी पोरं, सगळ्यांचा तो आहे. हुआय ख्वांगच्या चौकातल्या त्याच्या मंदिरापुढे केळी, दूध आणि लाल सरबताच्या बाटल्या मांडलेल्या असतात. उंदराच्या एका कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर इच्छा पलीकडून निघून जाते. हे मला दादरच्या मुलीला समाजशास्त्राच्या बाईंनी शिकवलं. त्या स्वतः थाई भाविकांच्या एका सहलीबरोबर मुंबईला सिद्धिविनायक आणि पुण्याला दगडूशेठ करून आलेल्या. दगडूशेठचं वर्णन करताना त्यांचे डोळे भरून आले. लगेच पुढचं वाक्य, "पण टीचर, तिथे टॉयलेट का नाहीत? आणि पुरुष असे टक लावून का बघतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. देव आमच्याकडून घ्यायचा आणि माणसांपासून चार हात लांब राहायचं, हे त्यांना जमतं. बुद्धगयेला जाऊन आलेल्या कितीतरी थाई लोकांच्या बोलण्यात हीच दोन टोकं एका दमात येतात, बोधिवृक्षाखाली मन कसं शांत झालं आणि स्टेशनवर नाक कसं दाबावं लागलं.

२०२२ मध्ये 'गंगूबाई काठियावाडी' नेटफ्लिक्सवर आला आणि थायलंड वेडा झाला. इथल्या नटनट्यांनी पांढऱ्या साड्या नेसून, कपाळावर मोठं कुंकू लावून फोटो टाकले. आमच्या वर्गातल्या मुलीही चादरी गुंडाळून, दोन्ही हात जोडून ऐटीत चालायला लागल्या. मी मुंबईची हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे अत्यंत आदराने प्रश्न आला, "टीचर, तुमचं घर कामाठीपुऱ्यात का?" हे मी आईला फोनवर सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही.

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा लागेनासा झाला आणि २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त भारतीय थायलंडला येऊन गेले. हॉटेलवाले खूश, कारण फुकेत आणि हुआहिनला आपली लग्नं होतात आणि ती आठवडाभर चालतात. टॅक्सीवाले, मालिशवाल्या आणि छोट्या हॉटेलांच्या मालकिणी कमी खूश. त्यांची तक्रार ठरलेली आहे. आठ जण बसतात, दोन पदार्थ मागवतात, आठ रिकाम्या बश्या मागतात, वर बिलात सूट मागतात. पट्टायाला समुद्रकाठी मी एकदा मैत्रिणीबरोबर बसले होते. मागून अस्सल मराठीत एका मुलीच्या दराची चर्चा ऐकू आली, सातवीतल्या सहलीला निघाल्याच्या उत्साहात. मैत्रिणीने विचारलं, "तुमचे लोक? काय म्हणतायत?" मी म्हटलं, तमिळ असावेत, मला कळत नाही. त्या क्षणी मीही माझी ओळ बदलून घेतली.

चिन्यांचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं. आमच्या मुख्याध्यापिकांचे आजोबा दक्षिण चीनमधून बोटीने आले. बँकॉकच्या निम्म्या व्यापारी घरांची कथा अशीच असते. १९१४ मध्ये राजा वजिरावुध यांनी चिन्यांना 'पूर्वेकडचे यहुदी' ठरवणारा लेख लिहिला होता, पुढे १९३९ च्या सुमारास पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने चिनी शाळा बंद पाडल्या. त्या काळात कितीतरी कुटुंबांनी थाई आडनावं घेतली. आज मुख्याध्यापिका चिनी नववर्षाला लाल पोशाखात येतात, मुलांना लाल पाकिटं वाटतात, आणि त्याच तोंडाने चिनी पर्यटकांना नावं ठेवतात. मोठ्याने बोलतात, रांग मोडतात, संडास घाण करतात. २०१५ मध्ये चिअंग रायच्या पांढऱ्या मंदिरात याच कारणावरून चिनी गटांना काही काळ मज्जाव झाला होता. २०१९ मध्ये इथे सुमारे चार कोटी पर्यटक आले, त्यातले एक कोटी दहा लाख चिनी. जानेवारी २०२५ मध्ये एका चिनी नटाला म्यानमारच्या सीमेवरून पळवून नेल्याची बातमी फुटली आणि चिनी गर्दी आटली. आता मुख्याध्यापिका विचारतात, "चिनी का येत नाहीत हो हल्ली?" जपान्यांबद्दल असलं काही ऐकू येत नाही. ते शिस्तीचे, स्वच्छ, त्यांची गाडी बिघडत नाही. १९७४ मध्ये जपानी पंतप्रधान तानाका आले तेव्हा बँकॉकच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन निषेध केला होता, हे आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

सगळ्यात कडक नजर असते ती शेजाऱ्यांवर. अयुत्थयाच्या सहलीला आमची मुलं डोकी उडवलेल्या बुद्धमूर्तींपुढे उभी राहतात आणि मार्गदर्शक एकच वाक्य सांगतो, १७६७ मध्ये बर्मी लोकांनी हे जाळलं. एरवी दंगा करणारा वर्ग तिथे गप्प होतो. शाळेत परतल्यावर त्यांच्या वर्गाची फरशी पुसत असते ती म्यानमारची बाई, गालावर थनाकाचा लेप लावलेली. तिचा राग कुणी करत नाही. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही, एवढंच. डिसेंबर २०२० मध्ये समुत साखोनच्या कोळंबी बाजारात करोना पसरला, तेव्हा बर्मी कामगारांच्या चाळींभोवती काटेरी तार घातली गेली. आमच्या शाळेने त्या बाईला महिनाभर येऊ नको सांगितलं. साथ येण्याआधी आणि नंतरही ती समुत साखोनला कधी गेली नव्हती. जुलै २०२५ मध्ये कंबोडियाशी पाच दिवस लढाई झाली. शाळेच्या नव्या इमारतीवर काम करणारे कंबोडियन मजूर एका रात्रीत निघून गेले, आणि ती इमारत बरेच दिवस सळया वर काढून तशीच उभी होती. बुद्ध तोच, नाचाच्या मुद्रा त्याच, जेवणही बरंचसं तेच. एरवी कुणाबद्दल वाईट न बोलणारे समाजशास्त्राच्या वर्गातले शांत विद्यार्थी त्या आठवड्यात ख्मेर, म्हणजे कंबोडियन लोकांबद्दल जे लिहीत होते ते बाईंनी मला दाखवलं आणि फोन पालथा ठेवला.

त्यानंतरच्या सुट्टीत शिक्षकांची सहल खाओ याईला गेली, १९६२ साली झालेलं थायलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. प्रवेश थाई माणसाला ४० बाहत, परदेशी माणसाला ४००. ब्रिटिश सहकाऱ्याने खिडकीपाशी अस्खलित थाईत हुज्जत घातली, वर्क परमिट दाखवलं, कराचे कागद दाखवले. खिडकीतला तरुण मनापासून हसला आणि ४०० म्हणाला. कॅमेरूनचे सर आणि मी पाकिटं काढून उभे. आमच्या फिलिपिनो बाई मात्र थाई शिक्षिकांच्या घोळक्यात तोंड मिटून उभ्या राहिल्या आणि ४० बाहतमध्ये आत गेल्या. पगाराच्या यादीत त्या ब्रिटिश सहकाऱ्याच्या खाली होत्या, इथे त्यांनी आम्हा सर्वांना मागे टाकलं, आणि पलीकडे जाऊन आमच्याकडे बघत हात हलवला.

व्हॅनमध्ये मी समाजशास्त्राच्या बाईंना सांगितलं की आमच्या अजिंठ्याला आणि वेरूळलाही असाच भेद आहे, आम्हाला ४० रुपये आणि परदेशी लोकांना ६००. पण थायलंड भारताबरोबर बिमस्टेक या देशगटात आहे, म्हणून थाई माणसाला तिथे भारतीयांचाच दर. त्यांनी फोनवर हिशेब केला. वीस बाहतसुद्धा नाहीत! पुढच्या तासाभरात औरंगाबादचं विमान, मुक्काम, वेरूळच्या जवळ कुठला गणपती, त्याच्या उंदराचे कान हाताला येतील का, सगळं विचारून झालं.

"तुम्ही पण चला, टीचर," त्या म्हणाल्या. "तिथे रिक्षावाल्यांशी भांडायला बरोबर कुणीतरी खॅक हवंच."