जुमेरात बाजारातले दोन स्पीकर

हैदराबादेत मुसी नदीवर १५७८ साली बांधलेला पुराना पूल आहे. त्याच्या परिसरात दर गुरुवारी जुन्या वस्तूंचा ‘जुमेरात बाजार’ भरतो. दिवाळीच्या सुटीत एका सकाळी मी तेथे गेलो. पथारीवरील कुलुपे, पितळी नळ, बंद घड्याळे यांच्या गर्दीत मोडक्या रेडिओग्राममधून काढलेले आठ इंची दोन स्पीकर दिसले. कागदी शंकू शाबूत होते. हलकेच दाबून पाहिले, आत खरखर नव्हती. घासाघीस करून ते विकत घेतले.

वडिलांच्या कीर्तनाची एकच ध्वनिफीत आमच्याजवळ आहे. ती नीट ऐकावी, एवढाच हेतू. उघड्या स्पीकरवर त्यांचा आवाज किरटा येई; कारण शंकूमागची हवेची लाट पुढच्या लाटेला छेद देते आणि खर्ज हरपतो. सुताराकडून प्लायवूड कापून आणले, दोन पेट्या जोडल्या, फटी सरसाने बुजवल्या. आता आवाज रांजणातून आल्यासारखा घुमू लागला. जुन्या गादीतला कापूस पिंजून आत भरला, तेव्हा घुमारा ओसरला. तरीही मृदंग क्षीणच! अखेर दीड व्होल्टचा सेल दोन्ही स्पीकरच्या तारांना क्षणभर लावून पाहिला. एकाचा शंकू पुढे सरके, दुसऱ्याचा मागे. एकाच्या तारा उलट जोडल्या आणि मृदंगाची थाप भरदार उमटली.

त्याबरोबर अभंगाच्या दोन चरणांमध्ये वडिलांनी घेतलेला श्वासही ऐकू आला. आई पोथी मिटून म्हणाली, “त्या दिवशी त्यांना धाप लागली होती. मी म्हटलं होतं, आज कीर्तनाला उभे राहू नका.”

इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितले नव्हते.