टाक्यापर्यंतची वाट

लास व्हेगास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुगाराचे अड्डे आणि दिव्यांचा झगमगाट येतो. मुलाकडे गेले तेव्हा माझ्याही मनात तेच होते. पण मार्चमधल्या एका सकाळी त्याने गाडी शहराच्या पश्चिमेला काढली आणि अर्ध्या-पाऊण तासात आम्ही रेड रॉक कॅन्यनच्या फाटकाशी आलो. ऑक्टोबर ते मे या काळात तिथे जाण्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते. ते काम सुनेने केले होते.

सून तेलुगू. लग्न दोघांनी आपल्या पसंतीने केले. मी आडवी गेले नाही, पण तीन वर्षांत तिच्याशी दोन शब्द मोकळेपणाने बोललेही नव्हते. गाडीतही मी पुढे बसून मुलाशी मराठीत बोलत होते. "हिची आमटी फार आंबट होते रे," असेही बोलून गेले. ती मागे मुकाट बसली होती.

आतला रस्ता १३ मैलांचा, म्हणजे सुमारे २१ किलोमीटरचा, आणि एकेरी. शिरले की माघारी वळता येत नाही. तांबडे, केशरी, पांढरे खडक पाहून डोळे निवले. मुलगा सांगत होता, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्या होत्या. ती वाळू दबून खडक झाला आणि त्यातल्या लोहाने त्याला तांबडा रंग दिला. त्याच्यावरचा करडा चुनखडक मात्र वयाने मोठा. जमिनीच्या पोटातल्या रेट्याने जुना थर नव्याच्या उरावर चढून बसला आहे! मी हसले, पण मनात काहीतरी टोचले.

१९०५ ते १९१२ या काळात चाललेल्या दगडाच्या जुन्या खाणीपासून कॅलिको टँक्सची पायवाट निघते. जाऊन-येऊन अडीच मैल. हवा गार म्हणून मी पाण्याची बाटली गाडीतच ठेवली. त्या कोरड्या हवेत घाम दिसत नाही, पण अंगातले पाणी जातच असते. दगडी पायऱ्या चढता चढता घसा सुकला, गुडघा धरला. मुलगा वरून ओरडला, "आई, थोडंच राहिलंय!"

सून त्याला म्हणाली, "तू जाऊन ये. मी आईंजवळ थांबते." मग मला सावलीत बसवून तिने आपली बाटली पुढे केली. "आई, हळूहळू प्या."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. अडखळत का होईना, ती मराठी बोलत होती! "वर्षभर शिकते आहे," ती म्हणाली. मग खाली पाहून हळूच म्हणाली, "उद्या चिंच कमी घालीन."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी तिचा हात धरला. "चिंच राहू दे, बाळ. माझं चुकलं," एवढेच बोलता आले.

मुलगा फोटो घेऊन आला. खडकाच्या खळग्यात पावसाचे पाणी साठले होते. त्याला ते 'टँक' म्हणतात. मी सुनेला सांगितले, "आपल्याकडे टाकं म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांत अशी कोरलेली टाकी आहेत. तू आलीस की दाखवीन." तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

ते टाके मी डोळ्यांनी पाहिले नाही, त्याची खंत नाही. परतताना मी मागच्या सीटवर, तिच्याशेजारी बसले. गाडीचा रस्ता एकेरी होता, माणसाला मात्र मागे फिरता येते.