रात्रीचा भात

जयगडच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत एक लहानसं चायनीज हॉटेल आहे. त्या हॉटेलाबद्दल मी गावात अर्धंच सांगितलं आणि उरलेलं अर्धं मुद्दाम गिळलं. नुकसान मात्र दुसऱ्याच माणसाने सोसलं. उशिरा का होईना, ते सगळं सरळ लिहून काढायचं ठरवलं आहे.

आमच्याकडे बाहेर जेवायला जायची पद्धत नव्हती. शास्त्री नदीच्या मुखावरचं हे गाव. दारात मासळी येते, घरात भात-कालवण होतं, हॉटेलात जायचं ते चहा-वड्यापुरतं. २००९ साली इथलं बंदर सुरू झालं, पाठोपाठ १२०० मेगावॉटचं वीज केंद्र उभं राहिलं आणि पार बिहार-ओडिशापासून माणसं कामाला आली. त्यांना भाड्याने खोल्या लागल्या, खानावळी लागल्या आणि पाळी सुटल्यावर गरम, झणझणीत, पोटभर काहीतरी लागलं. चायनीज आमच्याकडे आलं ते त्यांच्यासाठी. मग फेरीबोटीने तवसाळला जाणारे पर्यटक थांबू लागले आणि शेवटी आम्ही गावातली माणसं. ह्यांचा पगार झाला की त्या शनिवारी आम्ही दोघं आणि दोन्ही मुलं जायचो. सासूबाई कधी आल्या नाहीत. घरात शिजलेलं सोडून पैसे देऊन बाहेर खायचं हे त्यांना पटत नाही.

हॉटेल चालवणारे मूळचे नेपाळचे. कोकणात हे काही नवल नाही. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, मच्छीमार बोटींवर खलाशी नेपाळी असतात. त्यांचा चुलतभाऊ जवळच्या एका बागेत राखणदार होता, त्याच्या ओळखीने ते इकडे आले. त्याआधी मुंबईत चायनीजच्या गाडीवर भांडी घासत होते, तिथेच पाहून पाहून कढई हातात आली. गावात सगळे त्यांना दाजू म्हणतात.

मला त्यांचं काम बघायला आवडायचं. बाकीची मंडळी टेबलावर बसायची आणि मी भट्टीपाशी उभी. खालून ब्लोअरचा घोंघाट, कढई इतकी तापलेली की तेल पडताक्षणी धूर. लसूण, आलं, हिरवी मिरची, मग कोबी, गाजर, सिमला मिरची. भाजी शिजू द्यायचीच नाही, नुसती आचेवरून फिरवून घ्यायची. मग भात. फ्रिजमधून काढलेला, गार, शितं सगळी सुटी. सोया सॉस, व्हिनेगर, मीठ, एका डब्यातली चिमूटभर पांढरी पूड, कढईला दोन-चार झोके आणि थाळी तयार. लाल चटणीसाठी ते ब्याडगी मिरची भिजत घालतात, तीच मिरची माझ्या घरच्या मसाल्यात असते. जयगडच्या ताज्या कोळंबीचा फ्राइड राइस त्यांच्याइतका चांगला मी मुंबईतही खाल्लेला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ते कोळंबीच्या डिश सरळ नाही म्हणून सांगतात. बर्फात महिनाभर पडलेली कोळंबी त्यांनी कोणाच्या ताटात घातली नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना जड जातं.

ऑक्टोबरातला शनिवार होता. पाऊस गेलेला, उकाडा मी म्हणत होता. ट्रिपल राइस मागवला होता. तो मुलांना संपला नाही, म्हणून बांधून घेतला. घरी येऊन फ्रिज उघडला तर आत जागा नाही. त्या दिवशी बांगडा स्वस्त मिळाला होता, साफ करून, मीठ-हळद लावून डबे भरून ठेवला होता. भाताची पिशवी मी ओट्यावरच ठेवून दिली. आमच्या घरात रात्रीचा उरलेला भात टोपात झाकून राहतो आणि सकाळी फोडणीचा होतो. माझ्या माहेरीही तेच होतं. यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही. रविवारी सकाळी तो भात चांगली वाफ येईपर्यंत गरम केला आणि मुलांना दिला. आम्ही दोघांनी पोहे खाल्ले.

दुपार व्हायच्या आत मुलीला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ धाकट्याला. त्याच्या थांबल्या, तिच्या थांबेनात. पाण्याचा घोटही ठरेना. आम्ही तिला गाडीवर मध्ये बसवून डॉक्टरांकडे नेलं, सासूबाई मागून रिक्षाने आल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, काल रात्री चायनीज. त्यांनी विचारलं, सकाळी काय दिलंत? सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, विशेष काही नाही.

हे वाक्य मी बोलले, विचार करून बोलले. पोरांना शिळा भात घातला हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघेना. उलट्या कोणत्या खाण्यानंतर किती तासांनी लागल्या यावरून डॉक्टर कारण शोधत होते आणि मी त्यांना बारा तासांच्या चुकीच्या बाजूला उभं केलं. सलाईन लागली. संध्याकाळपर्यंत मुलीचं पोट शांत झालं, दुसऱ्या दिवशी दोघंही खळ्यात खेळत होती. माझं बोलणं मात्र तिथे थांबलं नाही.

आमच्या बचत गटाची त्याच आठवड्यात बैठक होती. मुलगी कशी आहे, सगळ्या विचारू लागल्या. चायनीज बाधलं, मी म्हणाले. कोणीतरी म्हणालं, अजिनोमोटो घालतात ना. मी लगेच म्हणाले, हो, घालतात, मी डोळ्यांनी पाहिलंय, पांढरी पूड असते डब्यात. पूड पाहिली होती हे खरं. २०१५ साली मॅगीवर बंदी आली तेव्हापासून अजिनोमोटोचं एमएसजी हे नाव घरोघरी पोहोचलं होतं. पुढे दोन-अडीच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली, पण मनातली धास्ती गेली नाही. माझ्या वाक्याला ती धास्ती आयती मिळाली. एकजण म्हणाली, ही चिन्यांची खाणी आपल्याला सोसायचीच नाहीत, आणि तो माणूसही तिकडचाच. दाजू नेपाळचे आहेत हे मला पक्कं माहीत होतं. मी तिला अडवलं नाही.

त्या वेळी एक गोष्ट माझ्या समोर ढळढळीत उभी होती. शनिवारी रात्री त्याच कढईतलं, त्याच चिमटीतलं आम्ही चौघांनी खाल्लं होतं. रात्रभर कोणाला काही झालं नाही. ज्यांनी सकाळी खाल्लं तेच आजारी पडले. हे कळायला शास्त्र लागत नाही. मला ते कळलंच होतं, मी तिकडे पाहायचं टाळलं.

गावात बोललेलं जेटीपासून वाडीपर्यंत जायला वेळ लागत नाही. दोन पगाराचे शनिवार गेले आणि रस्त्यावरून जाताना दिसू लागलं की कुटुंबांची टेबलं रिकामी आहेत. कंपनीतले कामगार येत होते, पण ते हाफ प्लेट घेणारे. काही दिवसांनी हॉटेलावर एक पाटी लागली : ‘येथे अजिनोमोटो वापरत नाहीत’. ती वाचून मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करते. आपल्या बोलण्यामुळे एक सुधारणा झाली, असं मी स्वतःला समजावलं.

उलगडा झाला तो बचत गटामुळेच. हंगामात पर्यटकांना जेवण करून द्यायचं गटाने ठरवलं आणि त्यासाठी आम्हाला अन्नाच्या स्वच्छतेचं प्रशिक्षण होतं. हात धुणं, पाणी, झाकण, सगळं माहितीचंच चाललं होतं. मग प्रशिक्षक बाई भातावर आल्या. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. शिजलेला भात उबदार हवेत तासन् तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या लागतात आणि साधारण दिवसभरात उतार पडतो. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, एकतर ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार. एका बाईने विचारलं, मग आम्ही इतकी वर्षं फोडणीचा भात खातोय तो? प्रशिक्षक म्हणाल्या, दर वेळी बाधत नाही, म्हणूनच लोक सावध होत नाहीत. मी खाली मान घालून वहीत लिहीत होते. माझ्या मुलीच्या त्या दिवसाचा तासातासाचा हिशेब कोणीतरी वाचून दाखवावा, असं ते होतं.

मग मी त्या पांढऱ्या पुडीबद्दलही वाचलं. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव वेगळी काढली. या चवीमागचं ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोत असतं, वाळवलेल्या मासळीत असतं, आईच्या दुधात असतं. १९६८ साली एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चायनीज जेवणानंतर आपल्याला मान बधिर होणं, धडधड असा त्रास होतो. त्याने सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्तीचं मीठ अशा शक्यताही मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात राहिली ती पूड. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाने असा त्रास होतो हे सिद्ध झालेलं नाही. वर्षाच्या आतल्या बाळांना ती देऊ नये एवढं मात्र आपल्याकडे पाकिटावर लिहिलेलं असतं.

आणि ‘चिन्यांची खाणी’ म्हणावं तर तेही खरं नाही. मंच्युरियन मुंबईत जन्मलं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना ते केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. हे वाचताना दुसरंही एक सापडलं, ते मला माहीत नव्हतं. १९६२च्या युद्धानंतर भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे ३००० लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. त्यात बायका होत्या, मुलं होती. बैठकीतलं ते वाक्य मला तेव्हा आठवलं आणि आपण गप्प बसलो तेही आठवलं.

दाजूंकडे जायचं म्हटलं तरी पाय निघेनात. शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना गेले. ते भात शिजवत होते. पाणी उकळल्यावर तांदूळ घातले, बोटचेपे व्हायच्या आधी उतरवले, चाळणीत ओतून मोठ्या परातींत पातळ पसरले आणि वर पंखा लावला. जरा निवाल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये. हा दुपारचा भात पूर्वीही पाहिला होता मी, आणि बैठकीत ‘शिळाच वापरतात’ असंही म्हणून गेले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ओट्यावरची पिशवी, सकाळ, डॉक्टर, बैठक.

ते काम करत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं?”

मी म्हटलं, “नाही.”

“वहिनी, तुम्ही येऊन भांडला असता तरी चाललं असतं. मी तेव्हाच विचारलं असतं, भात रात्री कुठे ठेवलात. आम्हाला हे मुंबईत पहिल्या आठवड्यात शिकवतात.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते रागावलेले होते आणि तो राग रास्त होता. त्या महिन्यांत धंदा बसल्यामुळे हाताखालच्या मुलाला पगार देणं जमेना, तो बोटीवर खलाशी म्हणून गेला. हे मला तिथे कळलं. मी माफी मागितली. ते “ठीक आहे” म्हणाले आणि पुढच्या परातीकडे वळले. मी पाटीचं विचारलं, आता ती काढता येईल का? म्हणाले, काढली तर लोक म्हणतील परत घालायला लागला. पाटी अजून आहे.

पुढच्या बैठकीत मी गटाला सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं. एक-दोघी म्हणाल्या, असेल तुझं, पण बाहेरचं खाणं ते बाहेरचंच. पहिल्यांदा बोलले तेव्हा कोणी शंका घेतली नव्हती. डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, त्या दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आता आमच्या घरी उरलेला भात लगेच पसरट ताटात निवतो आणि फ्रिजमध्ये जातो, बांगडा मावेल तेवढाच घेतला जातो. दाजूही पार्सल देताना प्रत्येकाला सांगतात, आत्ता खा, नाहीतर घरी जाऊन फ्रिजमध्ये ठेवा.

आम्ही पुन्हा जाऊ लागलो आहोत. मुलगी येते, पण तिथे काही खात नाही. तिलाही मी खरं काय ते सांगितलं. “कळलं गं आई, पण मला तो वासच नको वाटतो,” म्हणाली. तिला आग्रह करण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. नातवंडांना हॉटेलातलं बाधलं असंच त्या आजही पाहुण्यांना सांगतात आणि मी स्वयंपाकघरात ऐकत असते. हे छापून यायच्या आधी त्यांना वाचून दाखवणार आहे.