दोन फरश्या पलीकडे

टेबलावर मुंबईच्या जुन्या मोजणीच्या नकाशाची छायाप्रत उलगडली आणि माझं बोट आपोआप वरळी शोधू लागलं. आधी किनारा सापडला. मग टोकाचा कोळीवाडा सापडला. बारीक केसांसारख्या रेघांनी दाखवलेला टेकडीचा उतारही सापडला. तिथून बोट आत, जमिनीच्या बाजूला सरकवलं. अंदाजाने आमची चाळ जिथे यायला हवी तिथे पोहोचले, तर समोर कोरा कागद. त्यावर एक हद्दीची रेघ आणि एक क्रमांक, एवढंच होतं. मी कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसले. माझ्या आजोबांचा, वडिलांचा आणि माझा जन्म ज्या शतकात गेला ते शतक त्या कागदाच्या पुढे होतं.

मुंबई बेटाची पहिली काटेकोर मोजणी कॅप्टन थॉमस डिकिन्सन यांनी १८१२ च्या सुमारास हाती घेतली. ती पुरी व्हायला १८२७ उजाडलं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि त्याबरोबर मुंबईची जमीनही. जमिनीला किंमत आली की हद्दीला धार येते. १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली शहर पुन्हा नव्याने मोजलं गेलं. विसाव्या शतकात त्या मोजणीच्या क्रमांकांच्या जागी नवे सी. एस. (कॅडॅस्ट्रल सर्व्हे) क्रमांक आले, तरी मुंबईतल्या जुन्या मालमत्तेच्या दस्तांत ‘लॉटन सर्व्हे नंबर’ हे शब्द अजून भेटतात.

लॉटनच्या मोजणीला एक खरा प्रश्न सोडवायचा होता. कुठली जमीन कोणाची, आणि ती कोणत्या हक्काने? मुंबईत हे हक्क एका जातीचे नव्हते. फझंदारी, टोका, फोरास, पेन्शन अँड टॅक्स, इनाम अशी त्यांची नावंसुद्धा कोड्यासारखी. फोरास जमिनीचं आमच्या भागाशी जवळचं नातं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी बेटाच्या पोटात शिरायचं. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला आणि ते पाणी अडलं. खाजणातून वर आलेली खारी जमीन कसायला लोकांना नाममात्र धाऱ्यावर दिली गेली; तीच फोरास. म्हणजे ज्या जमिनीच्या हद्दी लॉटनच्या माणसांनी मोजल्या, त्यातली कितीतरी जमीन त्याच्या दोन-तीन पिढ्या आधी समुद्रातच होती. साहेबाचं नाव नकाशावर राहिलं. चिखलात उभं राहून साखळी ताणून धरणाऱ्या माणसांची नावं कुठे राहिली नाहीत.

साखळी हा शब्द मला घरातूनच माहीत होता. आमचं मूळ गाव संगमेश्वराकडचं. आजोबा गिरणीत लागले, पण जीव गावच्या वावरातच अडकलेला. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, आणि एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, हे त्यांनी मला शाळेच्या आधी शिकवलं होतं. चुलतभावाने बांध कोरला म्हणून त्यांनी गावी सरकारी मोजणी मागवली होती. मोजणी झाली, हद्दीचे दगड पुन्हा रोवले गेले. त्यानंतर दोन घरं एकमेकांच्या दारात कधी गेली नाहीत. आमची वरळीची खोली होती १६० चौरस फुटांची. अशा सात खोल्यासुद्धा एका गुंठ्यात पुऱ्या बसत नाहीत.

या खोल्या कशा आल्या, त्याचीही एक गोष्ट आहे. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झालं. आमच्या चाळीच्या नावातली ‘बीडीडी’ ही अक्षरं तिथली. गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, आणि पैसा मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर लावून उभा करायचा, अशी योजना होती. प्रत्यक्षात २०७ इमारती उभ्या राहिल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, एकेका मजल्यावर वीस खोल्या, मधोमध लांब पॅसेज. सुरुवातीला वरळीत राहायला माणसं येईनात, कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत इथल्या काही इमारतींचा तात्पुरता तुरुंग झाला. जिथे पुढे पाळणे हलले, तिथे आधी सत्याग्रही कोंडलेले होते.

त्या पॅसेजमध्ये मी आजीला रोज पाहिलं. पहाटेचं पाणी भरून झालं की ती केरसुणी घ्यायची. आमच्या दारापुढे शहाबादी फरश्यांच्या चार ओळी. त्या झाडून झाल्या की ती थांबायची नाही. शेजारच्या दाराकडच्या आणखी दोन फरश्या झाडायची, मग केर भरायची. शेजारच्या काकी साताऱ्याकडच्या. त्या उशिरा उठायच्या, आणि त्यांची केरसुणी आमच्या दोन फरश्यांवरून फिरून जायची. एकदा मी विचारलं, “आजी, ती जागा तर त्यांची ना?” ती म्हणाली, “म्हणून तर झाडायची. गावाला बांध कोरून काय मिळालं, ते बघितलंय मी.”

आपली हद्द नेमकी कुठे संपते हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते ठाऊक असल्याशिवाय दोन फरश्या पुढे जाता येत नाही. उन्हाळ्यात पॅसेजमध्ये पुरुषांची अंथरुणं पडायची तेव्हाही प्रत्येकाची जागा ठरलेली असायची, आणि कुणाकडे पाहुणे आले की तीच जागा न मागता मोकळी व्हायची. हा सगळा नकाशा माणसांच्या अंगात मुरलेला होता. तो कधी कागदावर उतरला नाही.

पण कागदाची ताकद मी नाकारणार नाही. चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा घरोघरी पत्र्याच्या पेट्या उघडल्या. भाडेपावत्या, रेशनकार्डं, विजेची बिलं, जे हाती लागेल ते बाहेर निघालं, कारण पात्रता कागदावर ठरते. आजीची केरसुणी पुरावा म्हणून कुणी मागितली नाही. मुंबईतले कोळीवाडे आज सीमांकनासाठी झगडतात, तेही याच कारणासाठी. गाव शेकडो वर्षं नांदतं आहे, पण त्याची वाळवणाची जागा, जाळी सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा रेघेच्या आत धरली नाही, तर ती मोकळी जमीन ठरते. नकाशातला कोरा भाग रिकामाच असतो असं नाही. तिथे मोजणाऱ्याने काही विचारलेलं नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर, घरात स्वतःचा संडास, लिफ्ट. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या बायकांना विचारा, याचं मोल काय ते. हे घर आमच्या लोकांचा हक्क होता आणि तो मिळतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण जुन्या इमारतींबरोबर तो पॅसेजही जातो आहे, आणि तो कुठल्याही मोजणीत नोंदलेला नाही.

म्हणून चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला माझं एक सांगणं आहे. एक मोठा कागद घ्या. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस शेजारी बसवा. आपला मजला काढा. वीस दारं काढा आणि प्रत्येक दारावर त्या घरचं आडनाव आणि गाव लिहा. नळ कुठे होता, पाण्याची पिंपं कुठे, गणपतीचा मांडव कुठे पडायचा, मे महिन्यात कोण कुठे झोपायचं, ते सगळं मांडा. खाली तारीख घाला आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. मी माझ्या मजल्याचा कागद काढला आहे. वीसपैकी सतरा दारांची नावं भरली, तीन अजून आठवत नाहीत. आमच्या दारापुढे मी फरश्यांच्या चार ओळी आखल्या, आणि पलीकडच्या दोन फरश्या वेगळ्या रंगाने भरल्या. तो कागद आता भाडेपावत्यांच्याच पेटीत ठेवला आहे.