खाणीच्या दवाखान्यातून

चिखला, तालुका तुमसर
ता. 9 डिसेंबर 1962

ती. आप्पांचे सेवेशी,
शि. सा. नमस्कार, विनंती विशेष.

तुमसर रोडला मोठी गाडी सोडून तिरोडीकडे जाणाऱ्या शाखेच्या गाडीत बसलो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या मागे पडून सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या दिसू लागल्या तेव्हा गोबरवाहीस उतरून खाणीच्या मालमोटारीने येथे सुखरूप पोहोचलो. गेल्या जूनपासून ही खाण नव्या मँगनीज ओअर (इंडिया) कंपनीकडे आली असून तिचे निम्म्याहून अधिक भागभांडवल केंद्र, महाराष्ट्र व मध्यप्रदेश या तीन सरकारांचे आहे. मुकादम, हजेरीपट आणि दफ्तराचा शिरस्ता मात्र विलायती कंपनीच्या अमदानीतला तसाच चालू आहे. आईस सांगावे की मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली तर मज्जासंस्थेस बाधते व माणसाचा चेहरा मुखवट्यासारखा होतो हे खरे असले, तरी मी दवाखान्यात बसतो, खाणीच्या पोटात नव्हे.

येथील मोठे डॉक्टर वयाने आपल्याएवढे असतील. विद्युत्-हृल्लेखाचे यंत्र येथे नाही. मी पहिल्याच रोग्याला पाहून घाईघाईने 'हृदयविकार' म्हटले, त्यावर ते म्हणाले, "नाव मागाहून ठेवू. रक्त कोठे तुंबले आहे, ते आधी सांगा."

तो रोगी म्हणजे खडकाला सुरुंगाची भोके पाडण्यात आयुष्य घालवलेला म्हातारा. पाय सुजलेले, ओठ निळसर, कमरेला बिडीचे बंडल. डॉक्टरांनी त्याला उशांना टेकवून अर्धवट बसवले, बाजूने कंदील धरला आणि मानेतल्या फुगलेल्या शिरेची उंची उरोस्थीवरच्या उंचवट्यापासून साध्या लाकडी फूटपट्टीने मोजली. हा उंचवटा उजव्या कर्णिकेच्या सुमारे पाच सेंटिमीटर वर असतो. म्हणून वर दिसणाऱ्या उंचीत पाच मिळवले की उजव्या हृदयातला दाब कळतो, कातडीला सुईही न लावता. दुखणे मुळात फुप्फुसांचे होते: प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतल्या धमन्या आकसतात (हे 1946 साली फॉन ऑयलर व लिलियेस्ट्रांड यांनी दाखवले), आणि त्या आकसलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता उजवी जवनिका थकते. तेव्हा डिजिटॅलिसच्या बाटलीकडे गेलेला माझा हात त्यांनी परत आणविला आणि प्रथम छातीतला कफ व जंतुसंसर्ग यांचा बंदोबस्त करविला.

ता. 23 डिसेंबर

आपण पाटबंधारे खात्यात हयात घालवलीत, म्हणून हे पत्र मुद्दाम विस्ताराने लिहितो.

उघड्या खाणीवर धातू निवडणारी, विशीच्या आतली, पाचवा महिना चालू असलेली एक मुलगी भावाबरोबर आली. "निजलं का जीव कोंडते जी, बसलं का बरं वाटते," एवढीच तक्रार. लहानपणी तिला सांधेज्वर येऊन गेला होता. डॉक्टरांनी तिला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या, लगेच डाव्या कुशीवर निजवले आणि स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर अगदी हलकी टेकवून मला ऐकावयास सांगितले. पहिला ध्वनी ठसठशीत, दुसऱ्या ध्वनीपाठोपाठ एक टणक टिचकी, आणि तिच्यामागून दूरच्या गडगडाटासारखी खर्जातली कुरकुर.

द्विदली झडपेचे तोंड निरोगी माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. सांधेज्वराने तिच्या पाकळ्या चिकटून ते एक-दीडवर आले, म्हणजे बांधाची मोरी बुजल्यावर तलाव तुडुंब व्हावा तशी डावी कर्णिका भरते आणि तो फुगवटा मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. तेथल्या केशवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या 25 मिलिमीटरच्या आसपास गेला की पाणी पाझरू लागते. आडवे होताच पायांतले रक्त छातीकडे परतते, म्हणून मुलगी रात्री उठून बसते. ती टिचकी झडप उघडतानाची असते. कर्णिकेतला दाब जितका अधिक तितकी झडप लौकर उघडते, म्हणून टिचकी दुसऱ्या ध्वनीच्या जितकी जवळ तितका मार्ग अरुंद. एका कानाने एवढे मोजता येते, हे मला कॉलेजात पाठ होते. पटले मात्र येथे.

पण झडप तर वर्षानुवर्षे अरुंद असणार, मग दुखणे आताच का उफाळले? मिनिटाला 70 ठोके पडतात तेव्हा जवनिका भरण्यास प्रत्येक ठोक्यामागे सुमारे अर्धा सेकंद मिळतो. 120 पडू लागले की तो अवकाश निम्म्याहूनही आकसतो, आणि अरुंद वाटेने रक्त उतरण्यास वेळच उरत नाही. गर्भारपणाने रक्ताचे आकारमान वाढले, पांडुरोगाने नाडी धावू लागली, वर टोपली उचलण्याचे काम! त्यामुळे उपचारही नाडी मंदावण्याचे व पाणी उतरवण्याचे: विश्रांती, मीठ कमी, मर्सालिलची सुई, लोहाच्या गोळ्या, आणि सांधेज्वर पुन्हा उलटू नये म्हणून महिन्याच्या महिन्याला पेनिसिलिन. नाडी नियमित असल्याने डिजिटॅलिसचा तूर्त फारसा उपयोग नाही. मुकादमाने हलक्या कामाची चिठ्ठी मागितली, तेव्हा डॉक्टरांनी "काम नाही" अशी चिठ्ठी दिली. त्यावर कचेरीत बरीच खळखळ झाली. वास्तविक त्या चिठ्ठीइतके गुणकारी औषध आमच्या कपाटात दुसरे नव्हते.

ता. 6 जानेवारी 1963

म्हातारा घरी गेला. बिडी सुटलेली नाही.

शाळेतून 'हृदय बिघडलेले' म्हणून पाठवलेला एक मुलगा मध्यंतरी येऊन गेला. त्याच्याही छातीत कुरकुर होती, पण ती आकुंचनाच्या वेळची, मऊ. डोळे पिवळसर, आणि हातापायांत कळा. डॉक्टरांनी त्याच्या रक्ताच्या थेंबात मेटाबायसल्फाइट मिसळून काचेखाली ठेवले. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकात गोल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या ज्या विळापेशींविषयी लिहिले, त्या मी प्रथमच पाहिल्या. झडपा शाबूत होत्या. पातळ रक्त वेगाने धावत होते, एवढेच. या मुलुखात प्रत्येक कुरकुर झडपेच्या माथी मारणे धोक्याचे आहे.

आता मुख्य कामाचे. मुलीला रात्री निजता येऊ लागले आहे. तरी रक्ताचे आकारमान अजून दोनेक महिने वाढतच जाईल, आणि तेवढी उसंत झडप देईल असे डॉक्टरांना वाटत नाही. परळच्या के. ई. एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन कर्णिकेच्या टोकातून बोट आत घालून चिकटलेली झडप उघडतात. तेथे दाखवण्याचे ठरून नागपूरमार्गे ती भावासह येत्या आठवड्यात निघेल. त्या भावाने याआधी तुमसरच्या पलीकडे पाऊल टाकलेले नाही. त्याची निजण्याजेवण्याची सोय आपल्याकडे व्हावी, आणि बंडूने व त्याच्या तालमीतल्या मित्रांनी आपापला रक्तगट तपासून उलट टपाली कळवावा. मुलीचा गट 'बी' आहे.

कळावे. आईस सा. नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
माधव