एकशे ऐंशी दिवसांची वही

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस सौ. आणि मी धाकट्या कन्येकडे दोन महिन्यांसाठी अमेरिकेस जाऊन आलो. पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेस एक्स्टन नावाचे उपनगर आहे. न्यूयॉर्कनजीकच्या नेवार्क विमानतळावरून मोटारीने तेथे पोहोचण्यास दोन तास लागतात. नायगारा आणि व्हाइट हाऊस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. त्यांचे वर्णन मी करणार नाही. मला सांगावयाचे आहे ते कन्येच्या स्वयंपाकघराविषयी, कारण त्या स्वयंपाकघरात शाळा भरते.

कन्येस दोन मुले. नातू अकरा वर्षांचा, नात आठ वर्षांची. दोघेही शाळेत जात नाहीत. तीन वर्षांपूर्वी तिने हिशेब तपासणीची चांगली नोकरी सोडली आणि मुलांना घरीच शिकवू लागली. ही बातमी तिने फोनवर सांगितली तेव्हा मी काही न बोलता फोन सौ.कडे दिला होता. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची दरमहाच्या पगारावर आणि शाळेच्या दाखल्यावर श्रद्धा असते. खरे सांगावयाचे तर, जाताना मी मनाशी एक भाषण तयार करून नेले होते.

पहिल्या सकाळी पोहे खाऊन मी वर्ग भरण्याची वाट पाहत बसलो. घंटा नाही, प्रार्थना नाही. सौ.ने पोह्यांची ताटली उचलली आणि त्याच जागी नातवाची गणिताची वही उघडली गेली. नात खुर्चीवर मांडी घालून मोठ्याने इंग्रजी वाचत होती, कन्या डाळ निवडता निवडता तिचे उच्चार सुधारीत होती, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली की तिघेही क्षणभर थांबत. साडेअकरापर्यंत टेबलावरचे काम आटोपले. हे एवढेच? मी सौ.कडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

दुपारी कन्येने माझ्यासमोर एक फाईल ठेवली. माझा स्वभाव ती जाणून आहे.

अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर आहे. नियम मात्र राज्यागणिक निराळे. शेजारच्या न्यू जर्सीत पालकाने सरकारला कळविण्याचेही बंधन नाही. पेनसिल्व्हेनियात तसे नाही. तेथे १९८८ चा कायदा आहे, आणि त्याच्या तरतुदी वाचताना मला एखादे शाखा-तपासणीचे परिपत्रक वाचल्यासारखे वाटले. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत पालकाने शिक्षण अधीक्षकांकडे शपथपत्र दाखल करावयाचे. वर्षातून १८० दिवस, अथवा प्राथमिक वर्गांसाठी ९०० तास, शिकविणे बंधनकारक. त्याच्या नोंदी त्या त्या वेळी ठेवावयाच्या, नंतर बसून भरावयाच्या नाहीत. कोणती पुस्तके वाचली त्यांची नावे, मुलाच्या कामाचे नमुने, आणि तिसऱ्या, पाचव्या व आठव्या इयत्तेत प्रमाणित चाचणीचा निकाल. अखेर एका पात्र मूल्यमापकाने मुलाशी बोलून, फाईल पाहून, ३० जूनपूर्वी शिक्षण योग्य प्रकारे चालल्याचा दाखला द्यावयाचा. शपथपत्रावरील नोटरीचा शिक्का कन्येने जवळच्या बँकेच्या शाखेत घेतला होता. तेथील अनेक बँका ही सेवा खातेदारांना देतात. ही गोष्ट ऐकून मला त्या सर्व प्रकाराविषयी पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली.

विषयांच्या यादीत इंग्रजी, अंकगणित, भूगोल, नागरिकशास्त्र हे तर आहेतच. परंतु आगीचे धोके व त्यांपासून बचाव हेही नियमितपणे शिकविले पाहिजे, असे कायद्याने स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे एका मंगळवारी नातीने स्टॉपवॉच हातात घेऊन "आग!" म्हणून आरोळी ठोकली आणि आम्हा सर्वांस अंगणातील मेपलच्या झाडाखाली उभे केले. "आजोबा, तुम्ही चष्म्यासाठी परत फिरलात. एक मिनिट चाळीस सेकंद. तुम्ही जळालात," असा निकाल तिने दिला. माझी ती चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेण्यात आली.

बुधवारी परिसरातील सात-आठ कुटुंबे एकत्र जमत. कधी एक्स्टनच्या मोठ्या ग्रंथालयात, कधी बागेत. घरी शिकविणारे पालक म्हणजे कोणी विक्षिप्त लोक असावेत अशी माझी समजूत होती. त्यांत रात्रपाळी करणारी एक परिचारिका होती, एक सुतार होता, मुलाच्या आजारपणामुळे शाळा सोडावी लागलेली एक आई होती. प्रत्येकाचे कारण निराळे, आणि दोघांची कारणे मला मुळीच पटली नाहीत. सुताराने मात्र मुलांकडून पक्ष्यांसाठी लाकडी घरटे करवून घेतले, तेव्हा माझा नातू तीन तास पट्टी व पेन्सिल घेऊन बसला होता. घरी तो इतका वेळ बसत नाही.

त्या बुधवारांसाठी ढोकळा न्यावयाचा असे, आणि त्यातूनच मला या शाळेत नोकरी लागली.

अमेरिकन स्वयंपाकघरात मापाचे कप असतात: पाव, अर्धा, एक. कन्येच्या ढोकळ्यास एका घाण्याला सवा कप बेसन लागे. तीन घाणे करावयाचे होते. नात कागदावर अपूर्णांकांची बेरीज मांडू लागली. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "तीन सवाये पावणेचार." ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग मी तिला सांगितले, की बार्शीस माझ्या वडिलांचे भुसार मालाचे दुकान होते. शाळा सुटली की मी गादीवर जाऊन बसत असे आणि दिवाणजी माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणवून घेत. पाढा चुकला तर रागावत नसत. समोरच्या गिऱ्हाइकाचा हिशेब मलाच करावयास लावीत. त्यात चूक करण्याची लाज छडीपेक्षा जास्त होती.

हे सांगताना माझ्या लक्षात आले, की मी ज्या गोष्टीविरुद्ध भाषण घेऊन आलो होतो तिच्यातच माझे अर्धे शिक्षण झालेले आहे. आपल्या व्यापारी घरांत हे नवे नाही. रोजमेळ आणि खतावणी कोणत्या शाळेने शिकविली? अर्थात, दुपारी मी दुकानात बसत होतो ते सकाळी शाळेत जाऊन आल्यावर, हेही तितकेच खरे आहे, आणि ते मी कन्येस सांगितलेही.

दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा तास मी व नात कप घेऊन बसू लागलो. पाव कपाने तांदूळ मोजून पावकी, अर्ध्याने निमकी. आठवड्यात ती सवायकीपर्यंत आली. एके दिवशी तिने कपांच्या जुडग्यातून एक कप काढून माझ्यापुढे धरला. तो एक तृतीयांशाचा होता. "आजोबा, याची 'की' कोणती?" आमच्या पाढ्यांत निम्मे करीत जाणे आहे, तिसरा हिस्सा नाही. दिवाणजींनीही कधी सांगितला नव्हता. मी निरुत्तर झालो, आणि त्या दिवशीच्या नोंदीत कन्येने अंकगणिताखाली लिहिले: अपूर्णांक, आजोबांसह, एक प्रश्न शिल्लक.

पेनसिल्व्हेनियाचा इतिहास हाही सक्तीचा विषय. त्यासाठी आम्ही अर्ध्या तासावरील व्हॅली फोर्ज येथे गेलो. १७७७-७८ च्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याचा तळ येथे होता. लढाई येथे झाली नाही. तरीही सुमारे बारा हजारांपैकी दोन हजारांच्या आसपास माणसे रोगराईने मरण पावली. सैनिकांच्या ओंडक्यांच्या खोपट्या तेथे पुन्हा उभारून ठेवल्या आहेत. वॉशिंग्टनच्या हुकुमाप्रमाणे खोपटी चौदा फूट बाय सोळा फूट, आणि तीत बारा माणसे. नातवाने दारातच हिशेब केला, "माणशी पावणेएकोणीस चौरस फुटांना थोडं कमी." मग तो जमिनीवर आडवा झाला आणि बहिणीला शेजारी आडवे व्हावयास सांगून, आणखी दहाजण कसे मावतील हे पाहू लागला. एका शालेय सहलीतील चाळीस मुले शिक्षिकेच्या मागे रांगेने येऊन, आत डोकावून निघून गेली. त्या शिक्षिकेचा दोष नाही. बाहेर बस थांबली होती.

बसवरून आठवले. कन्येच्या घराच्या कोपऱ्यावर रोज सकाळी शाळेची पिवळी बस थांबे. नातू त्या वेळी नेमका खिडकीशी उभा असे. आठवडाभर हे पाहून मला राहवेना. एकदा जवळ जाऊन विचारले, "काय बघतोस रे?" तो म्हणाला, "बसचा लाल बोर्ड बाहेर आला की दोन्ही बाजूंच्या गाड्यांना थांबावं लागतं. मी मोजतो. आज नऊ थांबल्या." त्याच्या वहीत खरोखरच आकड्यांचा रकाना होता. मी हसलो, परंतु मनातील शंका पुरती गेली नाही.

मेच्या अखेरीस एका रात्री मी ती नोंदवही शांतपणे चाळली. तपासणीची सवय सुटत नाही. मार्चमध्ये सलग तीन दिवस कोरे होते. शनिवार-रविवार नव्हते, सुट्टीही नव्हती. सकाळी मी कन्येस विचारले. ती भांडी पुसत होती.

"त्या दिवसांत मी काही शिकवलं नाही, बाबा. दोघं भांडत होते, ह्यांचा कामाचा दौरा चालू होता. मी सकाळी वरच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. म्हणून लिहिलं नाही."

"मग भरून टाकायचे. कोण बघतंय?" मी म्हणालो. असे मी का म्हणालो ते मला अजून कळत नाही. नोकरीत ज्या शाखेच्या नोंदवहीत एकही कोरी जागा नसे, ती मी दोनदा तपासत असे.

ती म्हणाली, "एकशे त्र्याऐंशी भरतात. पुरेत."

मी विचारले, "एवढं दमायचं होतं, तर हे घेतलंस कशाला?"

थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "चौथीत मी एका वर्षात दोन शाळा केल्या. नव्या शाळेत मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खायचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही रात्री नऊला यायचात." आवाजात तक्रार नव्हती. "इथे ह्यांची तीन वर्षांत दोन गावं झाली. मोठा गप्प गप्प होऊ लागला. म्हटलं, निदान टेबल तरी तेच राहू दे."

लातूर, इचलकरंजी, नांदेड, धुळे, पुणे. माझ्या बदल्या मला क्रमाने पाठ आहेत. ती चौथीत असताना माझ्या शाखेच्या ठेवी किती होत्या, हेही मी आज सांगू शकेन. तिच्या वर्गशिक्षिकेचे नाव मात्र मला आठवले नाही. सौ.ला विचारले तर तिने दोन्ही शाळांच्या बाईंची नावे सांगितली, आणि डबा भरलेला परत येत असे हेही सांगितले. ते भाषण मी परत आणले.

जूनच्या मध्यास मूल्यमापक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, पांढरे केस, बूट दाराशी काढून आत आल्या. कन्या शाखा-तपासणीच्या दिवशीच्या व्यवस्थापकासारखी दिसत होती. बाईंनी फाईल पानन् पान पाहिली, कोऱ्या दिवसांवर थांबल्या, काही न बोलता पुढे गेल्या. नातवाने व्हॅली फोर्जचा नकाशा दाखविला. नातीला त्यांनी विचारले, यंदा काय शिकायला आवडले? तिने उत्तर देण्याऐवजी कपांचे जुडगे आणले आणि मराठीतून सवायकी म्हणून दाखविली. बाईंना अर्थातच काही कळले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या बँकेच्या इंग्रजीत खुलासा केला. त्यांनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतले. दाखला मिळाला.

त्या दिवसांत संध्याकाळी साडेआठपर्यंत सूर्य असे, त्यामुळे जेवण दिवसाउजेडी निवांतपणे होई. नंतर आम्ही मागच्या अंगणात बसत असू. अंधार पडताच गवतातून काजवे उठत, शेकडो. काजवा हा पेनसिल्व्हेनियाचा राज्यकीटक. १९७४ मध्ये त्यास हा मान मिळाला तो अप्पर डार्बी येथील प्राथमिक शाळेतील मुलांच्या खटपटीमुळे. शेजारची मुले त्यांना बरणीत धरीत. आमच्या दोघांनी कधी धरले नाहीत; ते चमकण्यांमधले सेकंद मोजीत. शेजारचा एक मुलगा एकदा कुंपणाशी येऊन नातवाशी बराच वेळ बोलत उभा होता. तो त्या पिवळ्या बसने जाणारा मुलगा होता.

इकडे परतल्यावर पुष्कळांनी विचारले, आपल्याकडे हे जमेल काय? आपल्या शिक्षणहक्क कायद्यात, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, घरच्या शिक्षणाची अशी तपशीलवार व्यवस्था नाही. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते, आणि घरी शिकणारी अनेक मुले तो मार्ग घेतात. परंतु अगोदर घरात असा एक माणूस हवा, जो रोज टेबलाशी बसेल. बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे आईच, आणि तिच्या सुटलेल्या पगाराची व वरच्या खोलीच्या बंद दाराची नोंद कोणत्याही फाईलमध्ये होत नाही. ज्याला विचार करावयाचा असेल त्याने तेथून सुरुवात करावी.

निघताना नव्या वर्षाची दोन शपथपत्रे टेबलावर होती. नातीचे भरलेले होते. नातवाचे कोरे होते. मी काही विचारले नाही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी फोन आला. नातूच बोलत होता. "आजोबा, सहावीसाठी मी शाळेत जाऊन बघणार आहे. आई म्हणते, नाही आवडलं तर परत टेबल आहेच."

"आणि गाड्या कोण मोजणार?" मी विचारले.

"छोटी मोजेल. मी तिला रकाना आखून दिलाय."