'हॅव'च्या पलीकडची जागा

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. 'हॅव' आलं की पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, एवढं घोकून पाठ होतं. पण या दोघांच्या मध्ये तिसरा कुणी येऊन बसतो आणि त्याची जागा चुकली तर काय होतं, ते थर्ड इयरच्या व्हायव्हाला कळलं.

एक्स्टर्नल सरांनी माझ्या सर्किटकडे बोट दाखवून विचारलं, फीडबॅकचा भाग समजलाय का? मला म्हणायचं होतं, 'तितकासा नाही.' मी म्हणालो, "सर, आय रिअली हॅवन्ट अंडरस्टुड इट." सरांनी फाईल मिटली. "नेक्स्ट!"

झालं! ऑप-अँपचा गेन मी काढून दाखवला असता हो, पण विचारतंय कोण?

रात्री मेसमध्ये रूममेटला सांगितलं, तर तो पोट धरधरून हसला. दुसऱ्या दिवशी कम्युनिकेशन स्किल्सच्या मॅडमना गाठलं. त्यांनी कागदावर दोन वाक्यं लिहिली. 'आय हॅवन्ट रिअली अंडरस्टुड' म्हणजे नीटसं समजलं नाही. 'आय रिअली हॅवन्ट अंडरस्टुड' म्हणजे खरंच समजलेलं नाही. शब्द तेच. 'रिअली'ने 'हॅवन्ट'वरून उडी मारली आणि माझे मार्क गेले!

"पण मॅडम, आमचंच असं का होतं?"

"अरे, मराठीत तू 'समजलंय' म्हणतोस. 'समजलं' आणि 'आहे' एकमेकांना चिकटलेले, मध्ये फट नाही. म्हणून 'आधीच', 'नुकतंच', 'खरंच' आपण त्यांच्या अलीकडे ठेवतो. इंग्रजीत फट आहे आणि बहुतेक वेळा तीच यांची जागा."

मग उदाहरणांची रांगच लागली. 'आय हॅव ऑलरेडी सबमिटेड.' 'शी हॅज जस्ट लेफ्ट.' मदतीला दोन क्रियापदं असली तर पहिल्यानंतर: 'द जर्नल हॅज ऑलरेडी बीन चेक्ड.' पण काम कसं झालं ते सांगायचं, तर शब्द मुख्य क्रियापदाला खेटून: 'हॅज बीन केअरफुली चेक्ड.' 'यट' बहुधा शेवटच्या बाकावर. 'स्टिल' मात्र दादा, नकारात 'हॅव'च्याही पुढे: 'आय स्टिल हॅवन्ट गॉट माय हॉल तिकीट.' आणि 'येस्टरडे'ला या वर्गात प्रवेशच नाही! तो आला की साधा भूतकाळ.

"म्हणजे 'आय ऑलरेडी हॅव' चूकच?"

"नाही. 'सबमिट केलंस का?' याला तेवढंच उत्तर द्यायचं असेल, तर तेच बरोबर. पुढे क्रियापद नसलं की फट कुठली?"

व्हायव्हात मी काठावर पास झालो. पण या सेमिस्टरला सेमिनारच्या तयारीत गाईड सरांनी विचारलं, "क्लिअर?" नेहमीसारखी मान डोलावणार होतो. थांबलो. मनात शब्द जागेवर लावले आणि म्हणालो, "सर, आय हॅवन्ट रिअली अंडरस्टुड द लास्ट पार्ट."

सरांनी फाईल मिटली नाही. खडू उचलला आणि फळ्याकडे वळले.